डिग्री

कोल्हापुरातली सगळ्यात वेगवान झेन रोज पहाटे दूधवाल्याच्या सायकलीकडून हरते. 'सगळ्यात वेगवान' हे अर्थातच मालकाचं मत. दूधवाला दोन कॅन हेलकावत पुढं निघून जातो, त्याच्यामागून पेपरवाला पोरगा जातो, आणि रंकाळ्याच्या काठी तर गुडघ्याला पट्टा बांधलेले निवृत्त मास्तरसुद्धा चार पावलं गाडीच्या बरोबरीनं चालतात, काचेतून डोकावतात, "बिघडली काय हो?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढं जातात. आतल्या माणसाला हे काहीच ऐकू येत नाही. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि नजर उजव्या हाताच्या खांबावर एकाखाली एक बसवलेल्या तीन मीटरवर. पहिला पाण्याचं तापमान दाखवतो, दुसरा तेलाचं, तिसरा इंजिनात शिरणाऱ्या हवेचं.

"पाणी पंच्याऐंशी," तो मला सांगतो. "तेल बावन्न."

मी मान हलवतो. डावीकडच्या सीटवर बसणाऱ्याचं काम तेवढंच असतं.

"पाणी तापलंय की मग. जाऊ दे आता जरा," असं मी एकदाच म्हणालो होतो. त्यावर त्यानं मला जे सुनावलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. "लगा, पाणी म्हंजे पुढारी. ते लगीच तापतंय. तेल म्हंजे जनता. तिला येळ लागतोय. पुढारी तापला म्हणून गाव पेटलं असं समजायचं नसतंय."

हा माझा मावसभाऊ. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. शिवाजी उद्यमनगरात त्याला सगळे 'डिग्री' म्हणतात. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला एका विषयात अडकून तो बाहेर पडला, म्हणजे डिप्लोमासुद्धा पुरा नाही, डिग्री तर लांबच. पण दिवसातून शंभर वेळा तो शब्द तोंडात. चहा किती डिग्री, लेथवरचा जॉब किती डिग्री, आज पहाटे कळंब्याला किती डिग्री होती आणि रंकाळ्याला किती. उद्यमनगरातल्या कुणा विनोदी माणसानं हे नाव पाडलं आणि आता तर त्याच्या बिलबुकाखेरीज सगळीकडं तेच चालतं. उद्यमनगरातच त्याचं एक लेथ आणि दोन ड्रिलिंग मशिनचं छोटं शॉप आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंगं घासूनपुसून द्यायची, त्यातून आलेल्या पैशात घर चालवायचं आणि उरलेल्यात झेन. वहिनींच्या मते हा क्रम उलटा आहे.

झेन मुळातली 993 सीसीची. डिग्रीनं तिच्यात एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन बसवलं. दोन्ही एकाच कुळातली असल्यामुळं सोयरीक जुळायला अडचण आली नाही. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी काढून नोंदणीपुस्तकात तशी नोंद करावी लागते. तीही त्यानं केली. पुढं त्या इंजिनाला त्यानं एक छोटा टर्बो लावला. त्याची नोंद कुठं आहे हे मी विचारलं नाही आणि वाचकांनीही विचारू नये.

खरा घोळ मात्र टर्बोच्या आधीच झाला होता. इंजिन मोठं आलं आणि रेडिएटर जुनाच राहिला. तालमीतून पैलवान होऊन आलेल्या पोराला आईनं सातवीतला सदरा घालावा तसं. पेट्रोल जाळून जी उष्णता होते तिच्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकापर्यंत जातो, तिसरा सायलेन्सरवाटे बाहेर पडतो आणि तिसरा पाण्यातून रेडिएटरला झेलावा लागतो. हे डिग्रीनं एकदा जेवताना समजावून सांगितलं. वहिनी आमटी वाढत होत्या. "म्हणजे तीन रुपयांचं पेट्रोल घालायचं, त्यातले दोन रस्त्यावर ओतायचे आणि एका रुपयाची गाडी चालवायची," त्या म्हणाल्या. हिशेबात चूक नव्हती, त्यामुळं तो गप्प जेवला.

ताकद वाढवली की ताप वाढतो, हे एकच वाक्य त्याच्या पंधरा वर्षांच्या खटपटीचं सार आहे आणि ते त्याला वगळून सगळ्यांना कळलेलं आहे. टर्बो हवा दाबतो. दाबलेली हवा तापते. सायकलला पंप मारताना नळीचं टोक हाताला चटका देतं तेच कारण. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती गार करायला इंटरकूलर लागतो. इंटरकूलरला समोरचा वारा हवा, म्हणून तो रेडिएटरच्या पुढं बसवला. आता रेडिएटरला वारा मिळेना. मग वाट मोकळी करायला तिथं असलेला एसीचा कंडेन्सर काढला. एसी गेला. अशा रीतीनं इंजिनाला पंधरा घोडे जास्त मिळावेत म्हणून वहिनींच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा आला.

पण डिग्रीचा राग टर्बोवर नाही. त्याचा राग ज्ञान नसताना गाडीला हात लावणाऱ्यांवर आहे, आणि त्या यादीत तो स्वतःला फक्त एकदा धरतो. तरुणपणी त्यानं हवेची मूळ पेटी काढून तिथं लाल रंगाचा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला होता. काय आवाज यायचा! बिंदू चौकात पोरं वळून बघायची. सहा महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की मूळ पेटीची नळी बंपरमागून बाहेरची हवा ओढायची आणि हा देखणा फिल्टर बॉनेटच्या आतली, इंजिनानं तापवलेली हवा पितोय. हवेचं तापमान तीन अंशांनी वाढलं की तिचं वजन जवळपास एक टक्क्यानं घटतं. बाहेर तीस आणि बॉनेटखाली साठ असेल तर हिशेब तुम्हीच करा. आवाज वाढला होता आणि ताकद घटली होती. आपल्याकडं हे फक्त गाड्यांच्या बाबतीत होतं असं नाही, पण ते असो. तो फिल्टर त्यानं कुणाला विकला नाही. "पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नसतंय," म्हणाला. अजून तो जिन्याखाली आहे.

मग थर्मोस्टॅटचं प्रकरण. एकदा तो लग्नाला परगावी गेला होता आणि जाताना गाडी एका मिस्त्रीकडं रेडिएटर साफ करायला टाकून गेला. मिस्त्री भला माणूस. त्यानं आपणहून, वरचे पैसे न घेता, थर्मोस्टॅट काढून टाकला. "आता गाडी गरमच हुणार न्हाई," असं हसून सांगितलं. आपल्याकडं गावोगाव हा उपकार केला जातो. आणि गाडी खरोखरच गरम झाली नाही. कागलच्या रस्त्याला पाण्याचा काटा बासष्टच्या वर सरकेना. डिग्रीचा चेहरा असा झाला की मला वाटलं कुणीतरी गेलं.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची डबी असलेली एक झडप. इंजिन गार असताना ती मिटलेली राहते आणि पाण्याला रेडिएटरकडं जाऊ देत नाही. पाणी ब्याऐंशीच्या आसपास पोचलं की आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. ती काढून टाकली की इंजिन कायम गारठलेलंच राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं आत्ताच चालू केलीय, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो. ते सगळं जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून तेलात मिसळतं आणि तेल पातळ करतं. "गारठलेल्या पैलवानाला आखाड्यात उतरवतोस व्हय?" डिग्रीनं मिस्त्रीला विचारलं. "जोर न्हाईत, बैठका न्हाईत, थेट कुस्ती? स्नायू फाटंल का न्हाई?" खासबागच्या गावात राहणाऱ्या मिस्त्रीला हे लगेच पटलं. दोघांनी मिळून भंगाराच्या डब्यातून तो थर्मोस्टॅट शोधून काढला.

पण सापडलेला चांगला आहे की खराब? परीक्षा सोपी असते: पातेल्यात पाणी घ्यायचं, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून आत सोडायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि गॅस मोठा करायचा. पातेलं दुधाचं होतं एवढीच चूक. मी तिथं होतो. डिग्री ओट्याला टेकून, श्वास रोखून आत बघत होता. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. एक्क्याऐंशी. आणि ब्याऐंशीला ती झडप केसभर हलली, मग कमळासारखी सावकाश उघडली. डिग्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाफेनं असेल.

"वीस वर्षांत दूध उतू जाण्याच्या आधी एकदा बघितलं न्हाई या माणसानं," वहिनी मागून म्हणाल्या.

वहिनींनी खरं सोसलं ते आंबा घाटात. मे महिना, रत्नागिरीकडचं लग्न उरकून परत येत होतो. पुढं डिग्री आणि मी, मागं शालू नेसलेल्या वहिनी, थोरली मावशी आणि तिच्या मांडीवर आहेराची पिशवी. साखरपा सोडला आणि चढ सुरू झाला. पुढं दोन ट्रक आणि एक एसटी, वेग पंधराचा. चढावर इंजिनाचे कष्ट जास्त आणि वेग कमी म्हणून वारा नाही. पाणी पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. एकशे दोन. पंखा किंचाळायला लागला. डिग्रीनं माझ्याकडं न बघता हात पुढं केला आणि हीटर पूर्ण सोडला.

हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनाचंच गरम पाणी त्यातून फिरतं. तो चालू केला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीत, म्हणजे आमच्या अंगावर, येते. शास्त्र शंभर टक्के बरोबर. पाण्याचा काटा खरोखर खाली यायला लागला. बाहेर अडतीस होतं. आत किती होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण तीनही मीटर इंजिनाचे होते.

"गाडी थांबव," मावशी म्हणाली.

"थांबवता येत न्हाई मावशी. बंद केली की पाणी फिरायचं थांबतंय, मग आतली ऊब आणखी चढतीय."

"मग मी उतरते. तुझं गार झालं की वर ये."

वर आंब्याला पोचल्यावर आम्ही चौघंही उतरलो. नाही, तिघं. डिग्री आतच बसला, कारण टर्बोच्या गाडीचं इंजिन दमल्यावर एकदम बंद करायचं नसतं; टर्बोत गरगरणारी दांडी चांगलीच तापलेली असते आणि तिच्याभोवतीचं तेल जागच्या जागी करपतं. दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं. तेवढ्यात आमचं कोकम सरबत दोन-दोन ग्लास झालं होतं. मावशी त्यानंतर त्या गाडीत बसलेली नाही. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी विचारते, "कशातनं जायचंय?"

तुम्ही म्हणाल, मग पळवतो तरी कधी? तेच सांगायचं आहे. डिग्रीकडं एक डायरी आहे. रकाने पाच: तारीख, हवा, पाणी, तेल, वेळ. वेळ म्हणजे तिसऱ्या गियरमध्ये चाळीसवरून ऐंशीला जायला लागलेले सेकंद. एवढंच. त्याला शर्यत लावायची नाही, कुणाला हरवायचं नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती होतात आणि तिथं लोक इंटरकूलरवर बर्फ ठेवतात हे त्याला माहीत आहे, पण बर्फाला तो कॉपी करणं म्हणतो. त्याला नैसर्गिक मुहूर्त हवा. हवा अठराच्या खाली, पाणी नव्वदच्या आसपास, तेल नव्वदच्या वर, आणि समोर अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता. लग्नाचा मुहूर्त काढणाऱ्याला यापेक्षा कमी बघावं लागतं.

उन्हाळ्यात तर प्रश्नच नाही. गरम हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपलं आपण पेटायला बघतं, इंजिन नॉक करतं, कॉम्प्युटर घाबरून टायमिंग मागं घेतो आणि टर्बोची गाडी साध्या झेनसारखी चालते. पावसाळ्यात रस्ता ओला. उरली थंडी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे पाच ते सात. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोल्हापूर जिल्ह्यात काय असतं हे शाळेतलं पोरही सांगेल: गळीत हंगाम. गगनबावड्याचा रस्ता डिग्रीचा आवडता, आणि त्याच रस्त्यावर कुडित्र्याचा कारखाना. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना झुकलेला ऊस, मागं दिवा नाही, पुढं स्पीकरवर गाणं, वेग वीस. हवा गार असते तेव्हा रस्त्यावर ऊस असतो आणि ऊस संपतो तेव्हा हवा तापलेली असते. निसर्गानं आणि सहकारानं मिळून या एका माणसाविरुद्ध कट केला आहे.

म्हणून ऊसदराचं, म्हणजे एफआरपीचं, आंदोलन होणार का, याची शेतकऱ्याइतकी उत्सुकता ज्याला असते असा, गुंठाभर जमीन नसलेला, तो एकमेव माणूस. एका नोव्हेंबरात वाटाघाटी फिसकटल्या आणि ऊस वाहतूक बंद पडली. पहाटे पावणेपाचला त्याचा फोन. "सोळा," एवढंच म्हणाला. मी स्वेटर घातला.

रंकाळ्याला नेहमीचा वळसा झाला. दूधवाल्यानं नेहमीप्रमाणं आम्हाला मागं टाकलं. बालिंग्याचा पूल ओलांडला तेव्हा पाणी नव्वद, तेल सत्त्याऐंशी. रस्ता असा मोकळा की खरा वाटेना. "एकोणनव्वद," डिग्री म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता. "नव्वद." त्यानं तिसरा टाकला. एक्क्याण्णव. वळण संपलं आणि समोर चाळीस-पन्नास माणसं रस्त्यात बसली होती, मागं एक ट्रॅक्टर आडवा, त्याच्या टायरमधली हवा सोडलेली.

चक्का जाम.

गाडी उभी राहिली. उभी राहिली की वारा थांबतो आणि बॉनेटखालची ऊब वर सरकते. हवेचा काटा सोळावरून चोवीस, तेहेतीस, एक्केचाळीस. पाणी शंभर. पंखा सुरू झाला तसे आंदोलक उठून भोवती जमले. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी एक तरी डिझेल इंजिन असणार. बॉनेट उघडायला लावलं. एका म्हाताऱ्यानं फेट्याचा शेमला हाताला गुंडाळला आणि म्हणाला, "झाकान काढून पानी बघूया की."

"हात लावू नका!" डिग्री असा ओरडला की घोषणा थांबल्या. मग त्यानं बॉनेटला टेकून सगळ्यांना समजावलं: आत पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं; अर्धा तास तरी थांबायचं. लोकांनी शांतपणे ऐकलं. त्या पहाटेचं सगळ्यात चांगलं भाषण तेच झालं असावं.

"ऊस हाय का तुमचा?" पुढाऱ्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग इतक्या पहाटे?"

डिग्री खोटं बोलत नाही. "हवा गार हुती म्हणून," तो म्हणाला. आणि मग अत्यंत काकुळतीनं त्यानं विचारलं, "आंदोलन अजून किती दिस चालवशीला?"

ऊस नसलेल्या माणसाच्या तोंडून इतक्या कळकळीनं आलेला तो प्रश्न ऐकून पुढाऱ्याला भरून आलं. त्यानं आम्हाला चहा पाजला आणि आपल्या छातीवरचा बिल्ला काढून डिग्रीच्या स्वेटरला लावला. त्या संध्याकाळी तोडगा निघाला. दुसऱ्या दिवशी रस्ता उसानं भरला.

बिल्ला अजून गाडीत आहे, तेलाच्या मीटरखाली. त्या दिवसाची डायरी मी बघितली आहे. हवा 16, पाणी 90, तेल 91, वेळेच्या रकान्यात आडवी रेघ आणि पुढं बारीक अक्षरात 'एफआरपी'. अकरा वर्षांच्या डायरीत वेळेचा रकाना चारदा भरलेला आहे. सगळ्यात चांगला आकडा चार सेकंद आणि एक दशांश. तो एका मकरसंक्रांतीचा.

यंदाचा हंगाम सुरू झालाय. गगनबावड्याच्या रस्त्याला पहाटे तुमच्या पुढं एखादी लाल झेन पंचवीसच्या वेगानं चाललेली दिसली, तर कृपा करून हॉर्न मारू नका. खुशाल ओलांडून पुढं जा. तेल अजून नव्वदला पोचलेलं नसतं.